दाराकडे तोंड केलेली जीप

त्या हिवाळ्यात आमच्या आळीला जागं करायला कोंबडा लागत नव्हता, माझी जीप पुरेशी होती. उजाडता उजाडता मी गाडीत बसायचे, किल्ली फिरवायचे आणि इंजिन नुसतं घरघरायचं. थांबून पुन्हा सेल मारायचे, पुन्हा तीच घरघर. तोवर शेजारचं दार वाजलेलं असायचं, पलीकडच्या ओटीवर कोणीतरी खाकरलेलं असायचं, आणि न बोलावता चार-पाच माणसं तोंडात काडी, अंगावर चादर अशा थाटात अंगणात हजर व्हायची.

"आज पन नाय का?"

"नाय."

"चला, बाईंची वरात काढा!"

आमचं घर उंचवट्यावर आहे आणि अंगण रस्त्याकडे उतरतं. जीप घराकडे तोंड करून उभी असायची, त्यामुळे आमची धक्का मारायची तऱ्हाही उलटी होती. माणसं पुढून बॉनेटला हात लावून ढकलायची, मी रिव्हर्स गिअर टाकून मान मागे वळवून बसायचे, आणि जीप मागच्या मागे घरंगळत रस्त्यावर, कधीकधी तर पार मोरीपर्यंत जायची. मग केव्हातरी एक आचका देऊन सुरू व्हायची. मंडळी टाळ्या पिटायची. मी मात्र घामाघूम झालेली असायचे, ऐन थंडीत, आणि शाळेला उशीर ठरलेला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शेणव्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि मी जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत शिकवायचे ती धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. एसटीने जायचं तर आधी मुरबाड, मग धसईची गाडी, मग पुढे पायपीट. शाळा भरून मधली सुट्टी व्हायची तेव्हा मी पोचणार. म्हणून ही जुनी डिझेल जीप घेतली होती. माझे वडील आयुष्यभर ट्रक चालवत आले, त्यांनी भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मला गाडी शिकवलेली. बाईमाणूस जीप चालवतं म्हणून पहिले काही महिने धसईच्या बाजारात लोक भाजी निवडायची सोडून माझ्याकडे बघत. मला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर आवडायचं.

पण उशीर वाढायला लागला तशी हेडमास्तरांची भाषा बदलली. भला माणूस, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागायचं. "बाई, तुम्ही मुख्यालयी राहा. धसईत खोली मिळेल. असं रोज चालणार नाही," ते म्हणाले. शिक्षकाने शाळेच्या गावी राहावं हा नियम होताच, आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं इतकंच. आता ठेवलं.

धसईत खोली घ्यायला माझी ना नव्हती, पण माझी मुलगी दोन वर्षांची होती. मी शाळेत असताना धसईत तिला कोण बघणार? ती इथे आजीजवळ राहणार, मी तिथे एकटी, आणि भेट शनिवारी संध्याकाळी. रात्री ती माझा पदर मुठीत धरून झोपायची आणि मी छताकडे बघत त्या जीपला शिव्या घालायचे.

नवरा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला होता. तो शांतपणे म्हणाला, "गाडी विकून टाकू. तू वर्षभर खोली घेऊन राहा, पुढं बदली होईल. लोकं परदेशात जातात, तू धसईला चाललीयस." त्याचंही चुकत नव्हतं. रातपाळी करून यायचा आणि आल्या आल्या गाडीला धक्का मारायचा. त्याने शहापूरच्या एका माणसाशी बोलणंही करून ठेवलं. येत्या रविवारी दुपारी तो माणूस गाडी बघायला येणार होता.

मला इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. मग विचार केला, रागावून गाडी सुरू होत नाही. रविवारच्या आत हिचं दुखणं काय ते मी शोधून काढणार, मग भले कपडे काळे झाले तरी चालतील.

सल्ले द्यायला तर अख्खं गाव होतं. बॅटरी उतरली, असं आधी सगळे म्हणाले. बॅटरी बदलली. नवी बॅटरी आल्यावर घरघर जोरात व्हायला लागली, एवढाच फरक पडला. मग म्हणाले, थंडी. थंडीत डिझेल आळसावतं. म्हणून मी आदल्या रात्री बॉनेटवर गोधडी टाकून बघितली. शेजारच्या काकांनी लिंबू-मिरची बांधायला सांगितलं, तेही बांधलं. मुरबाडच्या गॅरेजमध्ये नेली, तर तिथे जीप अशी वागली की जणू आयुष्यात कधी आजारीच पडली नाही. किल्ली फिरवली की सुरू. बंद करून पुन्हा फिरवली, पुन्हा सुरू. दवाखान्याच्या दारात पोराचा ताप उतरावा तसं झालं. मिस्त्रीने फिल्टर बदलला, इंजिन तापवायचा हीटर तपासला आणि हात पुसत म्हणाला, "सकाळी माझ्यासमोर बंद पडली तर सांगता येईल. तुमी एक करा. सेल मारताना मागं धूर येतो का बघा. धूर येत असंल तर डिझेल पोचतंय, पेट घेत नाय. धूरच नाय आला, तर डिझेलच पोचत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना जीपच्या मागे उभं केलं. त्यांनी पदर नाकाला लावला, कमरेत वाकल्या आणि सायलेन्सरच्या नळीकडे अशा रोखून बघत राहिल्या जणू त्यातून उंदीर निघणार होता.

"आई, धूर येतोय का?"

"नाय."

"आता?"

"नाय गो. चुलीला तरी येतो, हिला काय पन नाय."

धूर नाही! मला आनंद झाला. गाडी बंद, शाळेला उशीर, आणि मी खूश. सासूबाईंना वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. पण निदान एक गोष्ट पक्की झाली होती. बॅटरी नाही, थंडी नाही, हीटर नाही. डिझेल टाकीतून निघून इंजिनापर्यंत येतच नव्हतं. संध्याकाळी येताना मात्र व्यवस्थित येत होतं, नाहीतर मी धसईहून घरी पोचलेच नसते. म्हणजे रात्रीतून काहीतरी होत होतं. काय होत होतं, ते मात्र काही केल्या सुचेना.

त्याच आठवड्यात माझ्या भावाकडे बारसं होतं. माहेर उंबरमाळीच्या बाजूला, डोंगरात. मी शाळेतून परस्पर तिकडे गेले, मुक्काम केला. तिथली थंडी आमच्याकडच्यापेक्षा वरचढ, सकाळी गाडीच्या काचेवर दव इतकं की बोटाने नाव लिहावं. मी भावाला आधीच सांगून ठेवलं, चार माणसं बोलावून ठेव, धक्का लागणार. भावाने बोलावली. तीही बिचारी थंडीत हात चोळत उभी राहिली. मी किल्ली फिरवली आणि जीप पहिल्याच सेलला भडभडून सुरू झाली.

माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी जीपकडे बघायला लागले.

"थट्टा करतेस काय गो ताई?" भाऊ म्हणाला.

शाळेपर्यंतचा सगळा रस्ता मी स्वतःशी बडबडत गेले. गाडी तीच, बॅटरी तीच, थंडी उलट जास्त. रात्रभर उभी होतीच. मग माहेरी असं काय होतं जे सासरी नाही? भावाने गाडीला जावयासारखं मानाने वागवलं असावं, असाही एक विचार मनात येऊन गेला. वर्गात पोरांना पाढे म्हणायला लावले आणि फळ्यावर दोन्ही अंगणं काढून बघत बसले. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, हे भूमितीत आहे?" मी म्हटलं, हो, आहे.

उत्तर मिळालं ते शनिवारी, नदीवर. सकाळची शाळा लवकर सुटली होती आणि मी मुलीला कडेवर घेऊन भेंडीच्या वाफ्याकडे गेले होते. रातपाळी करून उशिरा उठलेला नवरा तिथे पंपाशी झटापट करत होता. आमच्या पंपाचं जुनं दुखणं, नदीत सोडलेल्या पाइपच्या टोकाला जी झडप असते ती नीट बसायची नाही. रात्रभरात पाइपातलं सगळं पाणी हळूहळू परत नदीत उतरायचं, आणि सकाळी पंप रिकामा. मग वरून बादलीने पाणी ओतून तो भरायचा, तेव्हा कुठे पाणी खेचायचा. नवरा हे रोज करायचा, रोज पुटपुटायचा आणि झडप बदलायचं रोज विसरायचा. त्या दिवशीही बादली ओतत म्हणाला, "साला, रात्रीत सगळं खाली उतरून जातं."

मी जागच्या जागी थबकले.

"काय म्हणालात?"

"पाणी. खाली उतरून जातं."

"अहो, डिझेल!" मी ओरडले. मुलगी दचकून माझ्या मानेला बिलगली. "आपलं डिझेल पण रात्रीत खाली उतरतं!"

सगळं एकदम लख्ख दिसलं. आमच्या अंगणात जीप चढावर तोंड करून उभी राहते. इंजिन वर, टाकी मागे आणि खाली. नळीत कुठेतरी बारीक फट असणार. गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा आत शिरते आणि इंजिनापर्यंत आलेलं डिझेल हळूहळू टाकीत परत जातं. सकाळी इंजिन नुसती हवा खेचत बसतं. माहेरचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला. तिथे मी गाडी सरळ उतरवून तोंड खाली करून लावली होती, टाकी वर आणि इंजिन खाली. डिझेल मागे जाणार कसं? धसईला शाळेच्या पटांगणातही तसाच उतार होता.

नवऱ्याने बादली खाली ठेवली. तो पंपाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "असं असू शकतं," तो म्हणाला. हा माणूस कारखान्यात रोज नळ्या आणि व्हॉल्व्ह बघतो. रोज सकाळी पंप भरायचा आणि रोज सकाळी जीप ढकलायचा, आणि ही दोन्ही दुखणी एकच आहेत हे आम्हां दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही दोघं वाफ्यात उभे राहून हसत सुटलो. पुष्कळ दिवसांनी असे हसलो होतो.

आता पडताळा घ्यायचा होता. आज रात्री गाडी उलटी लावायची, तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे. सकाळी सुरू झाली की झालं सिद्ध. उद्या रविवार, शहापूरचा माणूस यायच्या आत. इतकी सोपी गोष्ट. आणि तिथेच सगळं अडलं, कारण सासूबाई.

जीप घरी आली त्या दिवशी त्यांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता, चाकांवर पाणी घातलं होतं, बॉनेटवर हळदकुंकू लावलं होतं. आणि बजावलं होतं, "लक्ष्मी हाय ही. तिचं तोंड दाराकडं पायजे. दाराकडं पाठ करून उभी राहिली म्हंजे निघाली ती घरातनं." बैल दावणीला कसे बांधायचे, कणगी कुठे ठेवायची, याचे जसे त्यांचे नियम, तसाच हा एक. तेव्हापासून जीप कायम दाराकडे तोंड करून. नवऱ्याने एकदा घाईत उलटी लावली होती तर त्यांनी जेवण वाढलं नव्हतं, आधी गाडी फिरव म्हणाल्या होत्या. म्हणजे गंमत बघा, लक्ष्मी घरातून जाऊ नये म्हणून जी गाडी दाराकडे तोंड करून ठेवली होती, ती त्याच कारणाने जागची हलत नव्हती.

संध्याकाळी मी त्यांना सगळं समजावलं. पंपाचं उदाहरण दिलं. तांब्यात पाणी घेऊन, तो तिरका करून दाखवलं. त्या भाकऱ्या थापत ऐकत होत्या.

"समजलं गो मला. म्या काय येडी नाय. पन पाठ नाय करायची दाराकडं."

"एकच रात्र, आई."

"एक रात्र काय नि धा रात्री काय. निघायला काय येळ लागतो?"

मी चिडले. माझा आवाज चढला, त्यांचाही. नवरा ओटीवर बसून मुलीला बिस्कीट भरवत राहिला, त्याला दोघींच्या मधे यायचं नव्हतं. शेवटी माझा धीर सुटला आणि मी म्हणाले, "आई, उद्या गाडी गेली तर सोमवारपासून मी धसईत आणि पोर इथं. मग तुमची लक्ष्मी कुठंही तोंड करून बसू दे." आणि मला रडूच कोसळलं.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग हात धुतले, देव्हाऱ्यातून कुंकवाची डबी घेतली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "फिरव."

माझा विश्वास बसेना. मी पळत जाऊन जीप फिरवली, रिव्हर्स घेत घेत चढावर अंगणात आणली, तोंड रस्त्याकडे. सासूबाई मागच्या बाजूला गेल्या, डिझेलने आणि धुळीने मळलेल्या मागच्या पत्र्याला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि जीपला म्हणाल्या, "एक रात पाठ कर बाय. रागवू नको. सकाळी फिरवते तुला." मागचा पत्रा कुंकू लावून घ्यायला जन्मलेला नव्हता, पण त्या रात्री तो मोठा रुबाबदार दिसत होता.

मला झोप लागली नाही. उजाडताच मी अंगणात. आळीतली धक्का मंडळी सवयीने जमलीच होती, त्यांना काय माहीत की आज परीक्षा आहे. नवरा रातपाळी नसूनही जागा होता. मी किल्ली घातली. फिरवली.

जीप एका दमात सुरू झाली! अशी गरजली की कोंबड्या उडाल्या. मी गाडीत बसल्या बसल्या किंचाळले, नवऱ्याने बॉनेटवर थाप मारली. धक्का मंडळी मात्र जरा हिरमुसली, सकाळची एवढी हक्काची करमणूक गेली. "आता व्यायाम कुठं करायचा आमी?" एक जण म्हणाला.

मी गाडी रस्त्यावर काढली आणि इतक्यात सासूबाईंचा आवाज आला, खणखणीत, संतापलेला. "ह्ये काय? ह्ये काय केलंय माझ्या अंगनाचं?"

कालच त्यांनी अंगण शेणाने सारवलं होतं. गाडी जिथे उभी होती तिथे मधोमध एक काळपट ओला डाग पडला होता, वाटीएवढा. त्या खराटा घेऊन उभ्या होत्या आणि डोळ्यांतून आग. मी धावत गेले, गुडघ्यावर बसले, बोट लावून वास घेतला. डिझेल.

"आई!" मी त्यांना मिठीच मारली. "अहो, सापडलं! फट सापडली!"

"डाग पडलाय आणि नाचतेस काय गो?"

पण मला भानच नव्हतं. तोंड वर असताना त्या फटीतून हवा आत जायची, थेंबही बाहेर सांडायचा नाही, म्हणून आजवर काही दिसलं नव्हतं. आज तोंड खाली होतं, तर त्याच फटीतून डिझेल बाहेर ठिबकलं. फट कुठे आहे ते सासूबाईंच्या सारवलेल्या अंगणाने आम्हाला बोट ठेवून दाखवलं होतं. गाडी परत त्याच जागी लावली आणि नवरा पोत्यावर झोपून खाली शिरला. डागाच्या नेमकं वर, टाकीकडून येणारी लोखंडी नळी रबरी तुकड्याने जोडलेली होती. तो तुकडा दाबला तर वाळलेल्या चिंचेसारखा कडक झालेला, आणि क्लिपच्या कडेला केसासारखी भेग. वरून धूळ बसून तिथे काळा लगदा झाला होता, म्हणून मिस्त्रीच्याही नजरेतून सुटला असणार.

नवऱ्याने सायकल काढली, शेणव्याच्या नाक्यावरून नवी नळी आणि दोन क्लिपा आणल्या. मी स्वतः गाडीखाली शिरले, तोंडावर डिझेल पडलं, केसांत माती गेली, आणि तरी मला वाटत होतं की याहून मजेचा रविवार आयुष्यात आला नाही. नळी बसली. मग इंजिनाजवळचा हातपंप दाबून नळीतली हवा काढली. आधी फेस येत राहिला, बुडबुडे, बुडबुडे, आणि मग निव्वळ स्वच्छ डिझेलची धार. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "पंप भरला म्हना की," त्या म्हणाल्या.

जीप पुन्हा दाराकडे तोंड करून लावली. दुपारपर्यंत तशीच चढावर उभी ठेवली, मग किल्ली फिरवली. पहिल्याच सेलला सुरू. मी जिंकले होते.

असं मला वाटलं. दुपार कलली तसा शहापूरचा माणूस आला, स्कूटरवरून, पांढराशुभ्र शर्ट. नवऱ्याने त्याला बसवलं, पाणी दिलं. तो म्हणाला, गाडी सकाळी नखरे करते असं ऐकलंय. नवऱ्याने हौसेने किल्ली त्याच्या हातात दिली. त्याने स्वतः सुरू करून बघितली, बॉनेट उघडलं, चाकं बघितली आणि खूश झाला. "ही तर टकाटक आहे. तुम्ही उगाच नावं ठेवत होता. मला पसंत आहे, आजच घेऊन जातो."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. मला हळूच बाजूला घेऊन म्हणाला, "शब्द दिलाय मी त्याला. माणूस एवढ्या लांबनं आलाय. आणि आज ठीक झाली, उद्या दुसरं काहीतरी निघंल. जुनी गाडी आहे. वर्षभराचा प्रश्न आहे गं, पोर माझ्या आईजवळ राहील, लहान आहे, तिला काय कळतंय?"

मी सुन्न झाले. ज्या गाडीसाठी मी आठवडाभर जिवाचं रान केलं ती मी दुसऱ्याला विकण्याजोगी करून दिली होती. बाहेर त्या माणसाने जीपचा हॉर्न वाजवून बघितला आणि मुलगी टाळ्या पिटत दाराकडे धावली.

सासूबाई उंबऱ्यात बसून वाल सोलत होत्या. त्यांनी नवऱ्याचं बोलणं ऐकलं होतं. सूप खाली ठेवून त्या त्याला म्हणाल्या, "लहान पोराला काय कळतंय, असं म्हनतोस?"

"आई, तू यात पडू नको."

"तू दोन वर्सांचा व्हतास. म्या आनि तुझा बापूस भाईंदरला मिठागरावर कामाला गेलो. भात झोडून झालं नि गेलो, पावसाच्या तोंडाला आलो. तुला आजीजवळ ठेवलं व्हतं. वाटंनं मी रडत नाय, हसत आली, की आता पोराला बघीन. तुझ्यासाठी चुरमुऱ्याचे लाडू आनले व्हते. अंगनात हात पुढं केले, तर तू आजीच्या लुगड्यात शिरलास." त्यांनी अंगणाकडे बोट केलं. "तिथं. नि आजीला इचारलंस, ही बाय कोन?"

मला वाटतं हे नवऱ्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"लाडू घेतलास," त्या म्हणाल्या. "पन आजीच्या हातनं."

आणि त्यांनी सूप परत मांडीवर ओढून घेतलं.

नवरा अंगणात गेला. शहापूरच्या माणसाशी काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, फक्त त्याने दोन्ही हात जोडलेले दिसले. तो माणूस जरा रागावला, स्कूटरला किक मारून निघून गेला. नवरा परत आला, किल्ली खुंटीला अडकवली आणि आईच्या समोर जमिनीवर बसून वाल सोलू लागला.